पाहुण्याची खरवड

सहाव्या हॉटेलवाल्यानेही मान हलवली, तेव्हा मी बॅग फुटपाथवर ठेवली आणि तिच्यावरच बसकण मारली. अंगात कणकण होती, घशाला कोरड पडली होती. सकाळचे नऊ वाजले होते. सगळं इस्फहान नवे कपडे घालून रस्त्यावर आलं होतं आणि मला फक्त कुठेतरी आडवं व्हायचं होतं.

चूक माझीच. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत मी तेव्हा इंजिनिअर होतो. इराणच्या दक्षिणेला ऊस होतो. तिथल्या एका कारखान्यात आमचे रोलर बसवायला मला धाडलं होतं. मार्चमध्ये त्यांचं नवं वर्ष, म्हणजे नवरोज, सुरू झालं आणि कारखान्याला तेरा दिवसांची सुट्टी लागली. "इस्फहान बघून या, मोघे," तिथले साहेब म्हणाले. त्या दिवसांत अख्खा देश इस्फहान बघायला जातो, हे काही बोलले नाहीत. मे महिन्यात बुकिंग न करता महाबळेश्वरला जाऊन 'खोली नाही म्हणजे काय?' असं विचारणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच मी होतो.

"मिस्टर मोघे! इथे का बसलात?"

मान वर केली तर समोर हबीबआगा. ज्या बसने रात्रभर प्रवास करून आलो, तिच्यात हे माझ्या शेजारच्या बाकावर होते. बरोबर बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून आमचं जमलं. त्यांनी मला काकड्या सोलून, मीठ लावून खिलवल्या, मी त्यांना घरून आणलेला शेवटचा चिवडा दिला, आणि पहाटे बस स्टँडवर आम्ही हात हलवून मोकळे झालो. आता ते कोपऱ्यावरच्या भट्टीतून हातभर लांब रोटी घेऊन घरी निघाले होते.

"काही नाही. जरा हवा खातोय."

त्यांनी सरळ माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आहे तुम्हाला. घरी चला."

"नको, नको. मी बघतो काहीतरी."

"घरी चला."

"उगाच त्रास तुम्हाला. सणाचे दिवस..."

"मिस्टर मोघे, घरी चला."

तिसऱ्यांदा नाही म्हणायचं अंगात त्राणच नव्हतं. "बरं," म्हणालो. त्या माणसाला एवढा आनंद झाला की त्याने ती गरम रोटी माझ्या हातात दिली आणि माझी बॅग स्वतःच्या खांद्यावर टाकली.

पुढचे तीन दिवस मला धड आठवत नाहीत. एक जाड रजई आठवते, लिंबाचा वास आठवतो, डॉक्टरचा थंड हात आठवतो. हबीबआगांची बायको महीनखानम दर दोन तासांनी कसलंतरी पातळ सूप घेऊन यायची आणि मी ते संपवेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला फारसी येत नव्हती, पण आजाऱ्याला दटावायला भाषा लागत नाही. दारातून दोन वेण्या डोकावायच्या. ती निलूफर, त्यांची मुलगी. मला 'अमू मोघे' म्हणायची. अमू म्हणजे काका.

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि मी त्यांच्यात जेवायला बसलो. जमिनीवर छापील कापड अंथरून त्यावर ताटं मांडलेली. मी मटण खात नाही म्हटल्यावर महीनखानम गंभीर झाली. हबीबआगांनी तिचा प्रश्न मला सांगितला. "ती विचारते, कुठल्या डॉक्टरने बंद केलं?"

"डॉक्टरने नाही. आमच्या घरातच खात नाहीत."

"सगळं घर आजारी?" महीनखानमचे डोळे भरून आले. काय समजावणार, कपाळ! त्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळा मसूरभात व्हायला लागला, वर तळलेल्या मनुका. आणि भात काढताना तिने पातेलं उलथं केलं, तळाची सोनेरी खरवड अखंड काढली आणि सगळीच्या सगळी माझ्या ताटात ठेवली.

"नको, नको," मी म्हणालो. "मुलीला द्या."

"अमू," निलूफर बापाच्या आधी बोलली. शाळेतलं मोडकंतोडकं इंग्रजी तिला येत होतं. "तुम्हाला खरंच नको की तारोफ?"

"तारोफ म्हणजे?"

हबीबआगा खदाखदा हसले. "आता हिचा तास सुरू. ऐका."

निलूफर तीन बोटं वर करून सांगायला लागली. मी विचारलं 'घेणार?' की तुम्ही म्हणायचं 'नको'. ते चांगलं दिसावं म्हणून. मी पुन्हा विचारलं, पुन्हा 'नको'. ते आईने वळण लावलंय म्हणून. मी तिसऱ्यांदा विचारलं, की मग खरं काय ते सांगायचं. समजलं का?

"आणि विचारणाऱ्याने तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

तिला हा प्रश्न सुचलाच नव्हता. ती बापाकडे बघायला लागली.

"तर त्याला द्यायचंच नव्हतं," हबीबआगा म्हणाले. "पण असं कोणी करत नाही हं."

मग निलूफरने मला तीनदा विचारलं आणि मी तिसऱ्यांदा खरवड घेतली. खाताना सांगितलं, की आमच्याकडेही असंच खमंग लागतं, पण ते जिने भात शिजवला तिच्या वाट्याचं. माझी आई दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. महीनखानमला हे एवढं आवडलं की तिने नवऱ्याला दोनदा सांगायला लावलं.

पाचव्या दिवशी सकाळी लवकर जाग आली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर जमिनीवर तिघं ओळीने झोपलेली, अंगावर मिळून एक पांघरूण. निलूफरची पावलं बाहेर आलेली. तेव्हा कळलं, की घरात ऊब देणाऱ्या शेगडीची खोली एकच आणि तिच्यात चार रात्री मी एकटा घोरतोय. पाणी न पिताच परत आलो आणि रजई डोक्यावरून घेतली. लाज वाटली, आणि आईच्या घरीही कधी वाटलं नसेल इतकं बरंही वाटलं.

निघताना सगळी दारात आली. निलूफरच्या हातात पाण्याचा वाडगा होता. जाणाऱ्याच्या पाठीमागे पाणी ओततात, म्हणजे तो परत येतो. मी तिच्यासमोर वाकलो. "मोठी झालीस की पुण्याला ये. आमचं घर तुझंच आहे."

"तारोफ?" तिने डोळे बारीक केले.

"आमचं घर तुझंच आहे," मी म्हणालो. मग तिच्यासारखी तीन बोटं वर केली. "तिसऱ्यांदा सांगतो. आमचं घर तुझंच आहे."

तिने वाडगा माझ्या टाचांवर रिकामा केला. बूट ओले झाले आणि सगळे हसलो.

त्यानंतर दहा वर्षं मी या गोष्टीवर जगलो म्हणा ना! लग्नाची पंगत असो, ऑफिसची पार्टी असो, मोघ्यांनी इस्फहानची गोष्ट सांगायची आणि तीन बोटं वर करायची. बायको शैला आणि मुलगी ऋता यांना ती तोंडपाठ होती. मी एखादा तपशील गाळला तर शैला भाजी परतता परतता आतून आठवण करायची, "अहो, पावलं बाहेर आलेली, ते राहिलं." दर नवरोजला हबीबआगांचं कार्ड यायचं, दर दिवाळीला माझं जायचं.

मग एका वर्षी कार्डाऐवजी पत्र आलं. निलूफरला पुण्यात फार्मसीला प्रवेश मिळाला होता. राहायची खोली ठरवलीय, काळजी नाही, तरी तुम्ही आहात म्हणून आम्ही शांत झोपू. मी उलट टपाली लिहिलं, मुलगी स्वतःच्या घरी येतेय असं समजा.

ती आली तो ऑगस्टमधला रविवार. तीन दिवसांनी, बुधवारी, नाशिकचे वैशंपायन ऋताच्या लग्नाची बोलणी करायला येणार होते. चार ठिकाणी जमता जमता मोडलं होतं. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून मी घराला रंग दिला होता, गॅलरीतलं भंगार काढलं होतं, स्वतःच्या बोलण्यावर लगाम घातला होता. निलूफर सकाळी फोन करून येते म्हणाली तेव्हा शैला हरखून गेली. "कुकर नको, आज पातेल्यात लावते भात," म्हणाली. "चांगली खरवड धरू दे. तिला द्यायचीय."

एकोणीस वर्षांची उंच मुलगी दारात उभी होती. वेण्या गेल्या होत्या, डोक्यावर सैलसा रुमाल होता, डोळे तेच. हातात मिठाईचे दोन डबे आणि एक घडी घातलेलं कापड. उलगडलं तर त्यांच्याकडे जेवताना अंथरायचे तसलं छापील कापड. "आईने पाठवलंय," ती म्हणाली. इंग्रजी आता माझ्याहून बरं होतं.

शैलाने तिला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला आणि भात लागेल म्हणून आत पळाली. ऋता पार्लरला गेली होती. आम्ही दोघं समोरासमोर बसलो.

"खोली कशी आहे?"

"होती," ती हसली. "मालकाने पासपोर्ट बघितला आणि म्हणाला, आमच्या सोसायटीत चालणार नाही. हॉस्टेलला जागा मिळेल, पण दहा दिवसांनी."

मी जरा मागे सरकून बसलो. खोटं कशाला बोलू? तिची काळजी वाटून नाही. बुधवारच्या वैशंपायनांच्या डोळ्यांनी मी माझंच घर बघितलं. ही मुलगी कोण? इराणची? मुसलमान? तुमच्याकडे राहते? परदेशी माणूस घरात ठेवला की पोलिसांत फॉर्म भरावा लागतो, चेअरमन जिन्यात गाठून चौकशा करणार, नाशिकला कोणीतरी तिखटमीठ लावून सांगणार. हे सगळं अर्ध्या मिनिटात डोक्यात येऊन गेलं. दहा वर्षं गोष्ट सांगणाऱ्या माणसाच्या डोक्यात.

"मग इथेच राहा ना," मी म्हणालो.

"नको अमू. तुम्हाला त्रास."

"अगं, त्रास कसला? राहा."

"नको, खरंच. माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे होईल."

आणि ती थांबली. हात मांडीवर ठेवून, थोडी पुढे सरकून, माझ्या तोंडाकडे बघत थांबली. पंखा घरघरत होता. आतून भाताचा खमंग वास यायला लागला होता. मला सगळं कळत होतं. तिने मला शिकवलेलं होतं ते, तीन बोटं वर करून.

"बरं," मी म्हणालो. "मग प्रश्नच मिटला. काही लागलं तर फोन कर हं, संकोच करू नकोस."

तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती पोर वळणाच्या घरातली. तिने हसून मान झुकवली आणि उठली. "काकूंना सांगा, घाई आहे, पुन्हा येईन."

मी गॅलरीत गेलो. खाली वॉचमनच्या खुर्चीजवळ दोन मोठ्या बॅगा होत्या आणि दोरीने बांधलेली एक वळकटी. वर आणल्या नव्हत्या तिने. रिक्षावाल्याने त्या कशाबशा कोंबल्या. तिने एकदा वर बघितलं आणि हात हलवला, मीही हलवला.

"ताटं घेतलीत का?" शैला हातात झारा घेऊन बाहेर आली. "कुठाय ती?"

"गेली. राहायची सोय आहे म्हणाली मैत्रिणीकडे."

"जेवायच्या आधी गेली?" तिने टेबलावरच्या कापडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "किती वेळा विचारलंत?"

मी कापडाची सुरकुती सरळ करायला लागलो.

"अहो, किती वेळा विचारलंत?"

"दोनदा."

शैला झारा तसाच हातात घेऊन, पायात चपलाही न घालता जिना उतरून गेली. रिक्षा केव्हाच वळली होती.

बुधवारी वैशंपायन आले. माणसं इतकी मोकळी की मीच अवघडलो. लग्न ठरलं. चहा पिताना वैशंपायन बाईंनी टेबलावरच्या त्या कापडाचं कौतुक केलं, तेव्हा शैलाने सगळं सरळ सांगून टाकलं, माझं सुद्धा. बाई म्हणाल्या, "अगंबाई, मग ठेवून घ्यायचं नाही का पोरीला? आमचं काय मध्येच?" मी बिस्किट चहात बुडवलं ते बुडूनच गेलं.

गुरुवारी कॉलेजातून पत्ता काढून आम्ही दोघं गेलो. कॅम्पात एक खोली, तिच्यात पाच मुली. निलूफरची वळकटी स्वयंपाकाच्या ओट्याखाली होती. तिने आम्हाला एकुलत्या एका कॉटवर बसवलं, चहा केला. शैला म्हणाली, "घरी चल." ती म्हणाली, "नको काकू." शैलाने पुन्हा विचारलं, पुन्हा नको. शैलाने तिचे दोन्ही हात धरून तिसऱ्यांदा विचारलं.

"नको काकू," निलूफर म्हणाली. "इथे बरी आहे मी."

यावर पुढे विचारायची सोय नव्हती, ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

महिनाभराने हबीबआगांचा फोन आला. रविवारच होता. आवाज म्हातारा झाला होता, पण हसू तेच.

"मिस्टर मोघे! कुठल्या तोंडाने तुमचे आभार मानू?"

"माझे? कशाबद्दल?"

"आता सांगितलं तिने. आम्हाला काळजी नको म्हणून इतके दिवस बोलली नाही. मालकाने खोली नाकारली आणि तुम्ही दहा दिवस तिला घरी ठेवून घेतलंत. तुमच्या मुलीच्या खोलीत पलंगावर झोपायची म्हणे. आणि मिस्टर मोघे, तुमच्या मिसेस! रोज स्वतःच्या वाट्याची खरवड तिच्या ताटात वाढायच्या. तुमच्याकडे ती कोणाला देत नाहीत, तुम्हीच सांगितलं होतंत. महीन ऐकून दिवसभर रडली."

त्या पोरीने माझी अब्रू झाकली होती. माझ्याच तोंडून नऊ वर्षांची असताना ऐकलेली एवढीशी गोष्ट जपून ठेवली होती आणि तीच वापरून माझी अब्रू झाकली होती.

"हबीबआगा," मी म्हणालो, "ऐका. आम्ही काहीही केलेलं नाही."

"हा हा! तुम्ही तर पक्के इस्फहानी झालात."

"नाही हो, खरंच सांगतो. तारोफ नाही हा. तुमच्या मुलीसाठी मी काही म्हणजे काहीच केलेलं नाही."

ते आणखी मोठ्याने हसले. मागे महीनखानमला फारसीत काहीतरी सांगितलं, तीही हसली. मग दोघंही गप्प झाली. तिकडे, इतक्या लांब, दोन म्हातारी माणसं माझ्या तिसऱ्या उत्तराची वाट बघत होती. तिसरं खरं असतं.

तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ. पण खरं बोललो असतो तर परक्या शहरात पोर ओट्याखाली झोपली, हे त्यांना कळलं असतं. शिवाय तिचं खोटं उघडं पडलं असतं. या कारणांसाठी गप्प बसलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. आता वय झालं. मला ते आभार हवे होते, हेही खरं आहे.

"मिस्टर मोघे, आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "तिचंच घर आहे ते, हबीबआगा."

फोन ठेवला. शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने काय झालं ते विचारलं नाही, तिला माझ्या बोलण्यावरून कळलं होतं.

निलूफर चार वर्षं पुण्यात होती. दिवाळीला मिठाई घेऊन यायची, अर्धा तास बसायची, हसायची, ऋताच्या लग्नात सुद्धा आली. आमच्याकडे जेवली मात्र कधीच नाही, दर वेळी जेवूनच यायची. आता ती कॅनडात असते आणि हबीबआगा गेले. जाईपर्यंत इस्फहानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पुण्याच्या मोघ्यांची गोष्ट सांगत होते, असं तिने पत्रात लिहिलं होतं. मी माझी गोष्ट त्या रविवारनंतर कुठेच सांगितली नाही.

शैला अजून रविवारी पातेल्यात भात लावते. खमंग खरवड धरते. पण ती ना तिच्या ताटात येते, ना माझ्या. भात काढून झाला की शैला पातेल्यात तांब्याभर पाणी ओतते आणि ते तसंच भिजत ठेवते.